रिचर्ड बॅरर

रिचर्ड मेलिंग बॅरर (१६ जून, इ.स. १९१० – १२ सप्टेंबर, इ.स. १९९६) हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले ब्रिटिश भौतिकी रसायनशास्त्रज्ञ होते. सच्छिद्र घन पदार्थांत वायू व बाष्पे कशी शिरतात, तेथे कशी धरून ठेवली जातात आणि त्या आधारे मिश्रणातील घटक कसे वेगळे करता येतात, हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय होता. झिओलाइट या खनिजवर्गाचा रेणवीय चाळणी म्हणून पद्धतशीर उपयोग करून मिश्रणे वेगळी करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. निसर्गात न आढळणारा झिओलाइट प्रयोगशाळेत तयार करण्याचा मानही त्यांच्याकडे जातो. रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवलेले ऑक्सिजन यंत्र, नैसर्गिक वायू कोरडा करणारे मनोरे, इंधनासाठी लागणारे निर्जल इथेनॉल आणि दुहेरी काचेच्या खिडकीच्या चौकटीत भरलेले पांढरे मणी या सर्वांच्या मुळाशी त्यांनी घालून दिलेली तत्त्वे आहेत. वायूंच्या पार्यतेचे 'बॅरर' हे एकक आणि 'बॅरराइट' हे खनिज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

पूर्वपीठिका

वायूचे, बाष्पाचे किंवा द्रावणातील पदार्थाचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात, या घटनेला अधिशोषण किंवा पृष्ठशोषण म्हणतात. शोषणात एक पदार्थ दुसऱ्याच्या अंतर्भागात सर्वत्र मिसळतो, तर अधिशोषणात तो पृष्ठभागावर साचतो. त्यामुळे पृष्ठभाग जितका विस्तीर्ण तितके अधिशोषण अधिक. पदार्थ आतून सच्छिद्र असेल, तर चमचाभर चूर्णातही प्रचंड पृष्ठभाग सामावू शकतो. पाणी गाळण्याच्या घरगुती यंत्रातील सक्रियित कोळसा हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. मात्र कोळशातील छिद्रे लहानमोठी, वेडीवाकडी असतात. त्यांत लहान रेणू शिरतो तसा मोठाही शिरतो. केवळ आकारावरून रेणूंची निवड करावयाची असेल, तर सर्व छिद्रे एकाच मापाची हवीत, आणि अशी छिद्रे स्फटिकातच मिळू शकतात.

असा स्फटिक म्हणजे झिओलाइट. इ.स. १७५६ मध्ये स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट यांनी एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत तापविले असता ते उकळल्यासारखे फसफसले. त्यावरून 'उकळणारा दगड' या अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून त्यांनी हे नाव बनविले. ही वाफ स्फटिकाच्या आतील पाण्याची होती. पाणी निघून गेल्यावरही स्फटिक अभंग राहतो आणि दमट हवेत ठेवल्यास पुन्हा पाणी घेतो, हे फ्रान्समधील दामूर यांनी १८४० मध्ये नोंदविले. झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्याभोवती चार-चार ऑक्सिजन अणू असलेल्या चतुष्फलकांचा बनलेला असतो. हे चतुष्फलक कोपऱ्यांनी एकमेकांना जोडलेले असून त्यांच्यामध्ये पोकळ्या व बोगदे असतात. प्रत्येक ॲल्युमिनियम अणूमागे सांगाड्यावर एक ऋण भार येतो. तो भार तोलण्यासाठी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखे धन आयन पोकळ्यांत बसलेले असतात. हे आयन सांगाड्याला घट्ट बांधलेले नसल्याने एकाच्या जागी दुसरा घालता येतो. बॅरर यांच्या पुढील कामात या अदलाबदलीला विशेष महत्त्व आले.

इ.स. १९२५ मध्ये जर्मनीतील वाइगेल व श्टाइनहोफ यांना असे आढळले, की निर्जल केलेला चॅबाझाइट हा झिओलाइट पाणी, मिथिल अल्कोहोल, एथिल अल्कोहोल आणि फॉर्मिक आम्ल यांची बाष्पे आत घेतो. पण ॲसिटोन, ईथर व बेंझीन यांना बाहेरच ठेवतो. कॅनडात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ जेम्स मॅकबेन यांनी १९३२ मध्ये या वर्तनाला 'रेणवीय चाळणी' हे नाव दिले. नाव मिळाले, तरी चाळणीचा उपयोग करून मिश्रणे वेगळी करण्याचे शास्त्र अद्याप व्हावयाचे होते.

जीवन

बॅरर यांचा जन्म न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे झाला. त्यांचे बालपण मास्टरटन परिसरात गेले. त्यांच्या आई नीना बॅरर या शिक्षिका, लेखिका आणि ग्रामीण स्त्रियांच्या चळवळीतील कार्यकर्त्या होत्या. क्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठ महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर १८५१ च्या प्रदर्शन निधीची शिष्यवृत्ती मिळवून ते १९३२ मध्ये केंब्रिजला गेले. तेथे एरिक रिडील यांच्या कलिलशास्त्र प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले व १९३५ मध्ये डॉक्टरेट मिळविली. केंब्रिजमध्ये लांब पल्ल्याचे धावपटू म्हणूनही ते परिचित होते.

इ.स. १९३९ मध्ये ते ब्रॅडफर्ड तंत्र महाविद्यालयात रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अध्यापनाचा मोठा भार आणि मर्यादित साधने असताना, त्यांनी येथेच आपले सर्वांत मूलगामी प्रयोग केले. १९४६ ते १९४८ या काळात ते लंडनच्या बेडफर्ड महाविद्यालयात होते. पुढे ॲबर्डीन विद्यापीठात प्राध्यापक आणि १९५४ पासून निवृत्तीपर्यंत लंडनच्या इंपीरियल कॉलेजात भौतिकी रसायनशास्त्राचे प्राध्यापक अशी पदे त्यांनी भूषविली.

रेणूंनी मोजलेली छिद्रे

रिडील यांच्या प्रयोगशाळेत बॅरर यांचा मूळ विषय विसरण हा होता. काच, धातू, रबर अशा घन पदार्थांतून वायू कोणत्या वेगाने पार होतात, हे ते मोजत. या पार्श्वभूमीमुळे झिओलाइटकडे पाहण्याची त्यांची दृष्टी आधीच्या संशोधकांपेक्षा वेगळी ठरली. वाइगेल व श्टाइनहोफ यांनी रेणू आत जातो की नाही एवढेच पाहिले होते. बॅरर यांनी तो किती वेगाने जातो, तापमान वाढविल्यास वेग किती वाढतो आणि आत गेल्यावर किती उष्णता बाहेर पडते, हे सर्व मोजण्यास आरंभ केला. ध्रुवीय व अध्रुवीय वायूंच्या झिओलाइटवरील अधिशोषणासंबंधीचा त्यांचा निबंध १९३८ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

प्रयोगाची मांडणी साधी होती. झिओलाइटचे चूर्ण निर्वातात तापवून त्यातील पाणी काढावयाचे. मग ज्ञात आकारमानाच्या बंद नळ्यांतून ज्ञात दाबाचा वायू त्यावर सोडावयाचा आणि दाब किती व किती वेळात घटतो ते पाहावयाचे. घटलेल्या दाबावरून आत गेलेल्या वायूचे प्रमाण कळते आणि दाब घटण्यास लागलेल्या वेळावरून वाट किती अरुंद आहे याचा अंदाज येतो.

चॅबाझाइटवरील निरीक्षणे विशेष बोधप्रद होती. मिथेन आणि ईथेन त्यात सहज शिरत. प्रोपेन व त्यापुढील सरळ साखळीची हायड्रोकार्बने सावकाश शिरत, पण तापमान वाढविल्यावर त्यांचा वेग झपाट्याने वाढे. आयसोब्युटेनसारखी फांद्या असलेली हायड्रोकार्बने आणि बेंझीनसारखी वलयी संयुगे मात्र अजिबात शिरत नसत. साध्या ब्युटेनमध्ये आणि आयसोब्युटेनमध्ये अणूंची संख्या व प्रकार तेच असतात. भेद असतो तो केवळ मांडणीचा. यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, आत जाण्यासाठी रेणूची लांबी गौण असून रुंदी निर्णायक असते. लांबलचक साप अरुंद बिळात शिरतो, तसेच हे. दुसरी, प्रवेशद्वार आणि रेणू जवळजवळ एकाच मापाचे असतील, तर प्रत्येक दारातून जाताना रेणूला ऊर्जेचा एक चढ चढावा लागतो, आणि म्हणून तापमानाने वेग वाढतो.

चॅबाझाइटची संपूर्ण स्फटिकरचना क्ष-किरणांनी निश्चित झाली ती १९५८ मध्ये. तिच्यावरून प्रवेशद्वाराची रुंदी सुमारे ३.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे ०.३८ नॅनोमीटर, असल्याचे दिसले. आयसोब्युटेनचा गतिक व्यास सुमारे ५.० आणि साध्या ब्युटेनचा सुमारे ४.३ अँगस्ट्रॉम मानला जातो. स्फटिकाचा सांगाडा आणि रेणू दोन्ही सतत कंप पावत असल्याने किंचित मोठा रेणूही धडपडत आत जातो. दार प्रत्यक्ष दिसण्यापूर्वीच बॅरर यांनी निरनिराळ्या जाडीच्या रेणूंच्या पट्ट्या लावून त्याचे माप काढले होते, आणि ते बरोबर निघाले.

इ.स. १९४५ मध्ये त्यांनी झिओलाइटांचे तीन वर्ग मांडले. पहिल्या वर्गात चॅबाझाइट व त्याच्यासारखी खनिजे येतात. ती सरळ साखळ्या स्वीकारतात व फांद्यांच्या साखळ्या नाकारतात. दुसऱ्या वर्गात सोडियमयुक्त मॉर्डेनाइट येतो. तो नायट्रोजन, ऑक्सिजन यांसारखे लहान रेणू त्वरेने घेतो, मिथेन व ईथेन सावकाश घेतो आणि त्याहून मोठे रेणू घेत नाही. तिसऱ्या वर्गात कॅल्शियम किंवा बेरियम घातलेला मॉर्डेनाइट असून तो मिथेनलाही थोपवितो. दुसरा व तिसरा वर्ग यांत सांगाडा एकच आहे, बदलला आहे तो केवळ आतला आयन. याचा अर्थ चाळणीचे भोक इच्छेप्रमाणे लहान करता येते. पुढील सर्व औद्योगिक विकासाचे बीज या निरीक्षणात आहे, असे म्हणावयास हरकत नाही. या गुणधर्मांचा उपयोग करून हायड्रोकार्बनांची व इतर बाष्पांची अनेक मिश्रणे त्यांनी प्रत्यक्ष वेगळी करून दाखविली. अशा विलगीकरणासाठीचे अमेरिकी पेटंट त्यांना १९४२ मध्येच मिळाले होते.

कृत्रिम झिओलाइट

नैसर्गिक झिओलाइट शुद्ध स्वरूपात क्वचितच मिळतात. दोन खाणींतील चॅबाझाइट सारखा निघत नाही आणि संग्राहकांच्या कपाटातील खडे कारखान्याला पुरत नाहीत. महाराष्ट्रातील उदाहरण येथे उद्बोधक आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील वायूच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, चॅबाझाइट, मॉर्डेनाइट इत्यादी झिओलाइट वाढलेले आढळतात. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि सिन्नर येथील गारगोटी संग्रहालय याच खनिजांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु यांतील सर्वांत देखणा व मुबलक जो स्टिल्बाइट, त्याचा सांगाडा पाणी काढण्यासाठी तापविल्यावर आक्रसतो व बदलतो, त्यामुळे तो चाळणी म्हणून फारसा उपयोगी नाही. उलट तुलनेने अनाकर्षक दिसणारा चॅबाझाइट उत्तम चाळणी ठरतो. सौंदर्य आणि उपयोग यांची येथे फारकत आहे.

बॅरर यांनी म्हणूनच निसर्गाची कृती प्रयोगशाळेत करून पाहण्याचे ठरविले. बंद पोलादी पात्रात, पाण्याच्या सान्निध्यात, उच्च तापमान व दाबाखाली खनिजे घडविण्याच्या या पद्धतीला जलऔष्णिक संश्लेषण म्हणतात. इ.स. १९४८ मध्ये त्यांनी २६५ ते २९५ अंश सेल्सियस या तापमानाच्या पल्ल्यात मॉर्डेनाइट तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ॲनलसाइम या खनिजावर बेरियम क्लोराइडच्या द्रावणाची उच्च तापमानाला क्रिया करून चॅबाझाइटसारखे गुण असलेला एक पदार्थ त्यांनी मिळविला. त्याच्याशी जुळणारे कोणतेही खनिज त्या वेळी ज्ञात नव्हते. निसर्गात नसलेला असा हा पहिला कृत्रिम झिओलाइट मानला जातो.

पुढचे मोठे पाऊल १९६१ मधील आहे. तोपर्यंत संश्लेषणात सोडियमसारख्या धातूंचे आयन वापरले जात. बॅरर व त्यांचे सहकारी डेनी यांनी त्यांच्याऐवजी मिथिल गट जोडलेले अमोनियम आयन घेतले. हे आयन आकाराने मोठे असल्याने ठरावीक पोकळीत त्यांपैकी थोडेच मावतात. धन भार कमी, म्हणून तोलावयाचा ऋण भार कमी, आणि म्हणून सांगाड्यात ॲल्युमिनियम कमी व सिलिकॉन अधिक. असा झिओलाइट उष्णतेला व आम्लाला अधिक टिकाऊ असतो. स्फटिक घडत असताना आत बसणारा सेंद्रिय रेणू पोकळीला आकार देतो, ही कल्पना पुढे फार फलदायी ठरली. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी चार प्रोपिल गटांचा असाच आयन वापरून झेडएसएम-५ हा झिओलाइट मिळविला, जो पेट्रोलियम उद्योगातील प्रमुख उत्प्रेरकांपैकी एक आहे.

उद्योगातील प्रवेश

झिओलाइटचा व्यापारी इतिहास सांगताना दोन नावे घेतली जातात आणि त्यांच्यातील श्रेयाची वाटणी स्पष्ट करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील युनियन कार्बाइड समूहाच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन हे हवेतील घटक वेगळे करण्याच्या नव्या मार्गाच्या शोधात होते. हवा अतिशीत करून द्रवरूप करण्याची रूढ पद्धत खर्चिक होती. बॅरर यांचे निबंध वाचून चॅबाझाइट या कामास योग्य ठरेल असे मिल्टन यांना वाटले, पण तो पुरेसा मिळण्याजोगा नव्हता. १९४८ च्या अखेरीस त्यांनी संश्लेषणास सुरुवात केली. बॅरर यांच्या पद्धतीत तापमान उच्च असे व वेळही फार लागे. मिल्टन यांनी ताज्या, अतिक्रियाशील ॲल्युमिनोसिलिकेट जेलपासून आरंभ केला आणि सुमारे १०० अंश सेल्सियसला थोड्या तासांत स्फटिक मिळविले. त्यांतून 'ए' आणि 'एक्स' हे नवे झिओलाइट हाती आले. १९५४ पासून त्यांची विक्री सुरू झाली, आणि त्यांचा पहिला उपयोग शीतक वायू व नैसर्गिक वायू कोरडे करण्यासाठी झाला.

थोडक्यात, छिद्राच्या मापावरून रेणू वेगळे करता येतात आणि ते माप बदलता येते हे बॅरर यांनी दाखविले. तर टनावारी तयार होणारी स्वस्त चाळणी मिल्टन यांनी दिली. लोकप्रिय लेखनात यांपैकी एकालाच रेणवीय चाळणीचा जनक म्हटले जाते, ते अपुरे आहे.

'ए' झिओलाइटमध्ये आयनबदलाचे तत्त्व अगदी स्वच्छ दिसते. सोडियम असताना त्याचे दार सुमारे ४ अँगस्ट्रॉमचे असते. सोडियमच्या जागी त्याहून मोठा पोटॅशियम घातला, की ते ३ अँगस्ट्रॉमवर येते. दोन सोडियमच्या जागी दुहेरी भाराचा एकच कॅल्शियम बसविला, तर आयनांची संख्या घटून दारे मोकळी होतात व माप ५ अँगस्ट्रॉमपर्यंत जाते. बाजारात ही उत्पादने ३ए, ४ए व ५ए या नावांनी मिळतात. ५ए मुळे खनिज तेलाच्या अंशातून सरळ साखळीची हायड्रोकार्बने बाहेर काढता येतात. १९४५ मध्ये ब्रॅडफर्डला केलेल्या प्रयोगाचीच ही कारखान्यातील आवृत्ती होय.

३ए चे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे. मळीपासून किंवा उसाच्या रसापासून मिळविलेल्या अल्कोहोलचे साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी सुमारे ९५.६ टक्क्यांपलीकडे शुद्धीकरण होत नाही, कारण त्या प्रमाणात पाणी व अल्कोहोल एकाच तापमानाला एकत्र उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी मात्र ते जवळजवळ निर्जल लागते. अल्कोहोलचे बाष्प ३ए च्या मण्यांतून नेले, की पाण्याचा रेणू आत अडकतो आणि मोठा इथेनॉल रेणू पुढे जातो. साखर कारखान्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्यांत इंधन इथेनॉल बनविण्यासाठी हीच पद्धत रूढ आहे. जुन्या पद्धतीत पाणी काढण्यासाठी बेंझीन हे घातक द्रव्य मिसळावे लागे, ते आता टळले.

चाळणीच्या रूपकाची मर्यादा

रेणवीय चाळणी हा शब्द इतका रुळला आहे, की झिओलाइट प्रत्येक वेळी आकारावरूनच निवड करतो असा समज होतो. हवेच्या बाबतीत तो चुकीचा आहे. नायट्रोजनचा गतिक व्यास सुमारे ३.६४ आणि ऑक्सिजनचा सुमारे ३.४६ अँगस्ट्रॉम आहे. ५ए किंवा एक्स झिओलाइटच्या दारातून दोघेही विनासायास जातात. तरीही नायट्रोजन अधिक प्रमाणात धरला जातो, कारण नायट्रोजनच्या रेणूतील विद्युतभाराची वाटणी अशी असते, की पोकळीतील धन आयन त्याला अधिक जोराने ओढतात. भौतिकीच्या भाषेत त्याचा चतुर्ध्रुव आघूर्ण ऑक्सिजनपेक्षा बराच मोठा असतो. निवड येथे दारात होत नाही, आतल्या खोलीत होते. बॅरर यांनी अधिशोषणाच्या उष्णतेची जी मोजमापे चिकाटीने केली, ती आकाराच्या प्रश्नाइतकीच महत्त्वाची का होती, ते यावरून ध्यानात येते. कोणता रेणू किती उष्णता सोडतो, यावरूनच तो किती घट्ट धरला गेला हे कळते.

या तत्त्वावरील दाबबदल अधिशोषण पद्धती १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चार्ल्स स्कार्स्ट्रॉम यांनी आणि फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे इतरांनी विकसित केली. झिओलाइटने भरलेले दोन मनोरे घेऊन एकात दाबाखाली हवा सोडतात. नायट्रोजन मण्यांत अडकतो व ऑक्सिजनसंपन्न वायू वरून निघतो. मणी भरत आले की हवा दुसऱ्या मनोऱ्याकडे वळवितात आणि पहिल्यातील दाब सोडून देतात. दाब उतरताच नायट्रोजन आपोआप सुटतो व मनोरा पुन्हा तयार होतो. यात काही जाळावे वा उकळावे लागत नाही. मिळणाऱ्या वायूत ऑक्सिजन साधारण ९३ टक्के असतो. ९५ टक्क्यांच्या फार पुढे जाता येत नाही, कारण हवेतील सुमारे ०.९३ टक्का आरगॉन झिओलाइटला ऑक्सिजनसारखाच वाटतो व त्याच्याबरोबर बाहेर पडतो. हवेतील बाष्प हा या मण्यांचा शत्रू आहे. पाणी नायट्रोजनपेक्षा कितीतरी घट्ट धरले जाते आणि जागा अडवून बसते. म्हणून कोकणासारख्या दमट हवेत यंत्रापूर्वी हवा कोरडी करण्याची व्यवस्था चोख असावी लागते.

नायट्रोजन तयार करणाऱ्या कारखानी यंत्रांत मात्र झिओलाइटऐवजी कार्बनची रेणवीय चाळणी असते, आणि तेथे तिसरेच तत्त्व लागू होते. कार्बनची छिद्रे इतकी अरुंद केलेली असतात, की किंचित लहान असलेला ऑक्सिजन त्यांत लवकर शिरतो व नायट्रोजन मागे राहतो. पुरेसा वेळ दिला तर दोघेही शिरतील. विलगीकरण होते ते वेगातील फरकामुळे. बॅरर यांनी अभ्यासलेला विसरणाचा वेग येथे थेट कामी येतो.

हा भेद केवळ पुस्तकी नाही, हे एप्रिल २०२१ मध्ये दिसून आले. कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत देशभर वैद्यकीय ऑक्सिजनचा तुटवडा असताना मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मिलिंद अत्रे यांच्या गटाने नायट्रोजन बनविणाऱ्या यंत्रातील कार्बनची चाळणी काढून तिच्या जागी झिओलाइट भरला आणि तेच यंत्र ऑक्सिजन देऊ लागले. ३.५ वातावरण दाबाला ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळाल्याचे संस्थेने जाहीर केले. टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि स्पॅनटेक इंजिनिअर्स यांचा या प्रयोगात सहभाग होता. त्या वर्षी देशातील अनेक रुग्णालयांत बसविलेली ऑक्सिजन संयंत्रेही दाबबदल अधिशोषणावरच चालणारी होती.

पटलांतील पारगमन आणि बॅरर एकक

सच्छिद्र स्फटिकांबरोबरच रबर व प्लॅस्टिक यांतून होणाऱ्या वायूंच्या पारगमनाचाही बॅरर यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. पॉलिमरात कायमची छिद्रे नसतात. साखळ्यांच्या हालचालीने क्षणभर जागा निर्माण होते आणि वायूचा रेणू तेवढ्यात पुढे सरकतो. पटलाच्या एका बाजूस वायू सोडल्यापासून दुसऱ्या बाजूस स्थिर प्रवाह सुरू होईपर्यंत लागणाऱ्या विलंबावरून विसरणाचा गुणांक काढण्याची पद्धत त्यांनी १९३९ च्या सुमारास विकसित केली. ती आजही प्रचारात आहे. १९६८ मध्ये पार्यतेच्या एककाला त्यांचे नाव सुचविण्यात आले. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राच्या आणि एक सेंटिमीटर जाडीच्या पटलातून, दोन्ही बाजूंच्या दाबांत एक सेंटिमीटर पाऱ्याइतका फरक असताना, दर सेकंदाला प्रमाण स्थितीतील एका घन सेंटिमीटरचा एक हजार कोटींवा भाग वायू पार झाला, तर पार्यता एक बॅरर असते. सिलिकोन रबराची ऑक्सिजनसाठीची पार्यता सुमारे ६०० बॅरर आहे. आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत न बसणारे असूनही पटलशास्त्रात हे एकक टिकून आहे, कारण बहुतेक पॉलिमरांच्या पार्यता त्यात सुटसुटीत आकड्यांत मांडता येतात.

चिकणमातीच्या खनिजांवरील त्यांचे कामही उल्लेखनीय आहे. मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे थर एकमेकांवर चिकटून बसलेले असतात. १९५५ मध्ये बॅरर व मॅक्लाउड यांनी त्या थरांमध्ये मोठे अमोनियम आयन घालून थर कायमचे दूर ठेवले, जणू दोन फळ्यांमध्ये गुटके बसविले, आणि साध्या मातीला अधिशोषक बनविले. पुढे 'स्तंभयुक्त माती' म्हणून विकसित झालेल्या पदार्थांची ही पूर्वावस्था होती.

सन्मान व ग्रंथ

इ.स. १९५६ मध्ये बॅरर यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. रेणवीय चाळण्यांवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६७ मध्ये लंडनला त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. झिओलाइटांच्या नामकरणाचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीचेही ते प्रमुख होते आणि ते नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. सच्छिद्र अकार्बनी पदार्थांवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांना ब्रिटनमध्ये त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. १९७० च्या दशकात इटलीच्या सार्डिनिया बेटावर सापडलेल्या एका सोडियमयुक्त झिओलाइटला 'बॅरराइट' हे नाव देण्यात आले. योगायोग असा, की हे खनिज स्टिल्बाइटच्या कुळातील, म्हणजे तापविल्यावर रचना बदलणाऱ्यांपैकी आहे.

त्यांच्या तीन ग्रंथांचा अभ्यासकांमध्ये विशेष उपयोग होतो. घन पदार्थांतील विसरणावरील पहिला ग्रंथ १९४१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केला. झिओलाइट व चिकणमातीची खनिजे यांच्या अधिशोषक व चाळणी म्हणून असलेल्या गुणांवरील ग्रंथ १९७८ मध्ये, तर झिओलाइटांच्या जलऔष्णिक रसायनावरील ग्रंथ १९८२ मध्ये निघाला. शेवटचे दोन्ही ग्रंथ त्यांनी साठी उलटल्यावर लिहिले असून त्यांत इतर संशोधकांच्या निष्कर्षांबरोबर त्यांच्या स्वतःच्या चार दशकांच्या प्रयोगांतील मोजमापे तक्त्यांच्या रूपात एकत्र आढळतात.